दोन्ही भाषा येणारी

डॉक्टरांनी सातवा प्रश्न विचारला, दुभाषी बाईनं तो मुलीला तिच्या भाषेत विचारला, मुलगी म्हणाली, "कधीच नाही," आणि बाई डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "रोज."

झालं ते एवढंच. डॉक्टरांनी सातव्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि ते आठव्या प्रश्नाकडे गेले. बाई थोडी थांबली. वाटलं, आता आपण म्हणू, माफ करा, चुकून गेलं तोंडातून. अठरा वर्षांच्या नोकरीत अशा बारीकसारीक चुका काय कमी झाल्या होत्या? काल म्हणायच्या ऐवजी परवा, चुलतभाऊ म्हणायच्या ऐवजी मावसभाऊ. तिथल्या तिथं दुरुस्त केलं की कोण लक्षात ठेवतंय. पण आठवा प्रश्न आला, तिनं तो विचारला, मुलगी पुन्हा "कधीच नाही" म्हणाली, बाईही "कधीच नाही" म्हणाली, आणि सातवा मागं पडला तो पडलाच. नववा, दहावा, करता करता विसावा. मुलीनं मात्र मध्येच एकदा मान वर करून बाईकडे पाहिलं होतं. चार महिने इथल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला 'रोज' कळत नसेल असं कोण म्हणेल? शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रोज दात घासा, रोज वह्या आणा. मुलीनं पाहिलं आणि मान खाली घातली. पुन्हा समोरच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं चौकटी आखत बसली. तिच्या चौकटी फार नेटक्या होत्या.

ही तपासणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. लढाईतून निसटून आलेल्या कुटुंबांना पहिले काही महिने या तीन मजली इमारतीत ठेवत. एकेका खोलीत एकेक कुटुंब, जिन्यापाशी सामाईक मोरी, तळमजल्यावर जेवणाचा हॉल आणि त्याच्या शेजारी ही खोली. इथून दुसऱ्या गावी स्वतःच्या घरात जाण्याआधी प्रत्येक मुलाला वीस प्रश्न विचारायचे. झोप लागते का, भूक लागते का, अचानक राग येतो का, आवाजाला दचकतोस का. उत्तरं चारच: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, रोज. त्यांचे आकडे मांडायचे, बेरीज करायची. बेरीज ठरावीक रेघेच्या खाली आली की फाइल बंद आणि कुटुंब मोकळं. वर आली की मुलाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, आणि ते दाखवून होईपर्यंत सगळ्या घरानं इथंच थांबायचं. शिवाय तीन प्रश्नांपुढे छोटी चांदणी छापलेली होती. त्यांतल्या एकालाही 'रोज' असं उत्तर आलं की बेरीज शून्य का असेना, फाइल बंद करायची नाही. सातवा चांदणीचा होता. 'जे झालं ते नको असताना डोळ्यांसमोर येतं का?'

बाईचं काम असं की कुणी काय म्हणालं ते पलीकडे पोचवायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही. समोरचा शिवी देवो की आशीर्वाद, हिनं ते सांगून मोकळं व्हायचं. इमारतीतली पोरं तिला पोपटमावशी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिला तसं फारसं कशाचंच काही वाटत नसे, आणि या कामात तो गुणच ठरला होता. तिच्याआधीच्या दुभाषी वर्षभरात रडकुंडीला येऊन सोडून गेल्या. एकीला तर ऐकता ऐकता भोवळ आली. ही अठरा वर्षं बसली होती. एखादा मुलगा सांगे की आजोबांना आम्ही दारावर निजवून नेलं, दार उचलायला चौघं लागले. ही तेवढ्याच आवाजात डॉक्टरांना सांगे, आजोबांना आम्ही दारावर निजवून नेलं, चौघं लागले. घरी जाऊन भाजी चिरे. नवरा थट्टेनं म्हणायचा, "तुझ्यासमोर मी जिन्यावरून गडगडत खाली गेलो ना, तर तू वरून सांगशील, हे गडगडले." तो हसायचा, तीही हसायची. आपण हसलो हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं.

पण आजच नेमकं असं का झालं? त्याचं कारण सकाळी घडलं होतं, आणि बाईला ते दुपारी सापडलं, भिंतीला टेकून डबा खाताना. सकाळी नाश्त्याच्या वेळी स्वयंपाकीणबाईंच्या हातून पातेल्यांची अख्खी चळत फरशीवर पडली. केवढा आवाज! हॉलमध्ये चाळीसएक पोरं होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी टेबलांखाली. मोठ्यांतलेही निम्मे खाली बसले होते, कुणी भिंतीशी, कुणी हातांनी डोकं झाकून. मग पातेलं गरगरत थांबलं, एक बाळ रडायला लागलं, स्वयंपाकीणबाई सगळ्यांची माफी मागत सुटल्या. आणि रिकाम्या टेबलांमध्ये एकटीच एक मुलगी बसलेली होती. नऊ वर्षांची असेल. ती पावाला लोणी लावत होती, कडेपर्यंत, कोपरे न सोडता. तिला इमारतीत सगळे शहाणी म्हणत. तिची आई आजारल्यासारखी खोलीतच पडून असायची, तर हीच पाणी आणी, रांगेत उभी राही, कपडे वाळत घाली. कधी हट्ट नाही, रडणं नाही. "अशी पोर असावी," असं बायका एकमेकींना सांगत. स्वयंपाकीणबाई तिच्यापाशी येऊन म्हणाल्या, "बघा, किती धीराची आहे!" बाई हे सगळं हॉलच्या दारातून बघत होती. तिच्या हातात चहाचा पेला होता आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता. ती स्वतःही जागची हलली नव्हती. चाळीस पोरं टेबलांखाली आणि या दोघी आपापल्या जागी. तेवढ्यात शहाणीनं वर पाहिलं, बाईनं तिच्याकडे पाहिलं, दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

दोन तासांनी हीच मुलगी तपासणीला समोर आली. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. झोप लागते. भूक लागते. दचकत नाही. आणि ती खोटं बोलत होती असंही नाही. दचकत नव्हती ते बाईनं स्वतः पाहिलं होतं. या कागदावर जास्तीचं सगळं विचारलेलं होतं, फार रडतेस का, फार भितेस का. काहीच होत नाही का, असं कुणी विचारलं नव्हतं. बाई स्वतः नऊ वर्षांची असताना अशीच दुसऱ्या एका लढाईतून इथं आली होती. तेव्हा प्रश्न बाराच होते आणि तिचीही बेरीज शून्य आली होती. तपासणाऱ्या माणसानं खूश होऊन तिच्या गालाला हात लावला होता, तो हात थंड होता, एवढं तिला आठवत होतं. तिच्या आईला म्हणाला, "मुलगी ठणठणीत आहे." आईला ते आपल्या भाषेत तिनंच सांगितलं.

संध्याकाळी घरी जाताना ती बसमध्ये बसली आणि तिचा थांबा मागं गेला तरी उतरली नाही. म्हणजे तो आलेला दिसला, दार उघडलेलं दिसलं. पुढच्या थांब्यावर उतरून ती उलटी चालत आली. चालताना स्वतःलाच समजावत होती: आपण त्या पोरीच्या भल्यासाठी केलं. फाइल उघडी राहील, मोठ्या दवाखान्यातले कुणीतरी तिला नीट बघतील, आपल्याला कुणी बघितलं नाही तसं व्हायला नको. ऐकायला चांगलं होतं. पण ते खरं नव्हतं, कारण तिनं काही ठरवलं नव्हतं. ठरवून बोललेलं तिला ओळखू आलं असतं. 'जे झालं ते नको असताना डोळ्यांसमोर येतं का,' असं तिच्या तोंडानं तिच्याच भाषेत विचारलं गेलं, मुलीनं तिचं उत्तर दिलं, आणि हिनं हिचं दिलं. एवढंच. रात्री नवऱ्यानं विचारलं, "आज काय झालं कामावर?" ती म्हणाली, "काही नाही." त्यानं तिच्या ताटाकडे पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही. चांगला माणूस होता, आणि विचारून काय मिळतं ते त्याला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला शहाणीच्या आईला बोलावलं होतं. शहाणीची शाळा बुडू नये म्हणून एकट्या आईलाच बोलावलं होतं खरं, पण मुलगी तिच्या सोबतच आली. आईचा हात धरून, म्हणजे आईलाच घेऊन. आईनं केस विंचरले होते, पायात बाहेर जायचे बूट होते. तिला वाटत होतं, शुक्रवारच्या कागदांवर सही घ्यायची असेल. शुक्रवारी त्या जाणार होत्या. मुलीचा मामा दुसऱ्या गावात दोन वर्षं राहत होता, त्याच्याच गल्लीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. भावाजवळ गेलं की आपण उठून उभ्या राहू, असं आईनं मनाशी धरलं होतं, आणि डॉक्टरही तेच म्हणत असत की तिला माणसांत नेणं हेच औषध. सगळं सामान चार पिशव्यांत भरून झालं होतं.

डॉक्टर तरुण होते, मनानं चांगले, आणि वाईट बातमी सांगायची असली की टेबलावरची पेनं सरळ करीत. त्यांनी पेनं सरळ केली. म्हणाले, "तुमच्या मुलीच्या एका उत्तरामुळे आम्हाला तिची आणखी तपासणी करावी लागेल. शुक्रवारचं जाणं पुढं ढकलावं लागेल. पाच-सहा आठवडे."

बाईनं ते आईला सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

आई म्हणाली, "कोणत्या उत्तरामुळे?"

"जे घडलं ते रोज डोळ्यांसमोर येतं, असं ती म्हणाली."

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी बुटांच्या नाड्यांकडे बघत होती. "माझी मुलगी असं म्हणणार नाही," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवण्याइतकी ताकदच नव्हती. "बाई, त्यांना सांगा. माझी मुलगी असं म्हणूच शकत नाही. काहीतरी चुकलंय."

"माझी मुलगी असं म्हणूच शकत नाही," बाईनं डॉक्टरांना सांगितलं. "काहीतरी चुकलंय." आणि मग थांबायचं सोडून पुढं बोलली. "हे त्यांचं झालं. आता मी बोलतेय. मुलगी तसं म्हणाली नव्हती. ती 'कधीच नाही' म्हणाली. 'रोज' मी म्हटलं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही चुकीचं ऐकलंत?"

"नाही. नीट ऐकलं."

"मग?"

डॉक्टरांनी पुन्हा पेनं सरळ केली. मग हळू, जवळजवळ अजिजीनं म्हणाले, "बाई, मला हे वर कळवावं लागेल. तुम्हाला काम थांबवावं लागेल. आणि हा फॉर्म आता रद्द. दुसरी दुभाषी मिळाली की पहिल्यापासून पुन्हा. म्हणजे शुक्रवार तर नाहीच, कदाचित आणखी लांबेल. हे आईला सांगा. सगळं सांगा, तुमचंही."

बाईनं तोंड उघडलं आणि तिला काही बोलता येईना. शब्द ठाऊक होते. फक्त ते उचलून पलीकडे ठेवायचे होते, रोजच्यासारखे, आणि तेवढं काही केल्या होईना. आईनं एकदा हिच्याकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. "काय झालं? काय म्हणतायत ते?"

तेव्हा शहाणी बोलली. आईच्या बाहीला हात लावून, त्यांच्या भाषेत, समजूत काढल्यासारखी. "आई, कागदावर खाडाखोड झाली होती म्हणतात. दुसऱ्याच मुलीचं उत्तर होतं. शुक्रवारी जायचं आपण. मामाला कळव म्हणतात."

आईच्या चेहऱ्यावर रंग परतला. ती उठली, डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि तिला इथल्या भाषेतला जो एकच शब्द येत होता तो, आभार, तीन वेळा म्हणाली. डॉक्टर चकित झाले. "फार समजूतदारपणे घेतलं त्यांनी," असं ते बाईला म्हणाले.

हेच वाक्य. तोंड वेगळं, खोली वेगळी, पण अगदी हेच वाक्य तिनं नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं. एका कचेरीत चष्मेवाला माणूस बसला होता, त्याच्यापुढे पत्र होतं, आणि तो वाकून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन सांगत होता की तुझ्या वडलांचं नाव मेलेल्यांच्या यादीत सापडलं आहे, हे आईला सांग बाळ. आई शेजारी होती, पर्स पोटाशी धरून. तिनं आईला सांगितलं, "म्हणतात, शोध चालू आहे. थोडं थांबा म्हणतात." का सांगितलं? तेव्हा कळलं नव्हतं, आताही कळत नाही. आईचे हात थरथरत होते आणि ते थांबावेत असं तिला वाटलं, यापलीकडे काही सापडत नाही. आईनं उठून त्या माणसाचा हात हातात घेतला, आभार मानले. तो म्हणाला, फार समजूतदारपणे घेतलं तुझ्या आईनं. आणि मग दोन वर्षं. दोन वर्षं आई वडलांना पत्रं लिहीत होती आणि ही ती पेटीत टाकायला नेत होती, आणि टाकतही होती, तिनंच आईला सांगितलेल्या खोट्या पत्त्यावर खरी पत्रं. शेवटी त्यांच्याच गावच्या एका बाईकडून कपडे धुण्याच्या रांगेत आईला कळलं. आई घरी आली, कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि तिनं मुलीला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, मरेपर्यंत नाही. विचारलं असतं, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. लढाईतलं बाईला काही दिसत नसे, ना धूर, ना माणसं. दिसे फक्त ती कचेरी. भांडी घासताना, बसमध्ये, नवरा काही बोलत असताना. रोज.

त्या कचेरीत दोन्ही भाषा येणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. म्हणून ते खोटं टिकलं. या खोलीत मात्र मुलीशिवाय बाई होती.

"ताई, बसा," बाई म्हणाली. "मुलीनं तुम्हाला खरं सांगितलं नाही. मी सांगते."

शहाणीनं तिच्याकडे पाहिलं आणि इथल्या भाषेत, डॉक्टरांनाही कळेल असं, पण फक्त तिला म्हणाली, "नको ना, मावशी."

"सांगते," बाई म्हणाली, आणि तिनं सांगितलं. शुक्रवार रद्द आहे. तपासणी पुन्हा होईल. चूक माझी आहे. मुलगी एक म्हणाली आणि मी दुसरंच सांगितलं, आणि उद्यापासून मी इथं नसेन. आणि आत्ता, तुम्ही खचाल म्हणून, तुमच्या मुलीनं हे सगळं गिळलं आणि तुम्हाला दुसरं दिलं. तिला रागवू नका. पण तिला विचारा. आज विचारा, उद्यावर टाकू नका. मग ती डॉक्टरांकडे वळली आणि मुलगी आईला काय बोलली होती तेही सांगितलं. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं, आणि या वेळी ते नीट पाहत होते.

आई बसली. बाईला वाटलं होतं ती रडेल, निदान हिला तरी चार शब्द सुनावेल, तेवढा हक्क तिला होता. आईनं मुलीचा बाहीवरचा हात काढला, तो आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मीच शिकवलं होतं तिला. सगळ्याला नाही म्हण, म्हणजे लवकर सोडतील." थोड्या वेळानं म्हणाली, "झोपत नाही ही. मी श्वास घेतेय की नाही ते बघत बसते. मला माहीत आहे. मी डोळे मिटून पडते, तिला वाटतं मी झोपले. दोघी अशाच असतो." मग तिनं मुलीला विचारलं, "असंच ना गं?"

मुलीनं टेबलावरचा कालचा चौकटींचा कागद जवळ ओढला. बाईनं आईचं बोलणं डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी काही विचारलं, बाईनं ते आईला विचारलं, आईनं हातवारे करून लांबलचक सांगितलं, मध्ये एकदा तिचा आवाज चक्क चढला: मग मामालाच इथं बोलवा ना, त्याला काय पाय नाहीत? डॉक्टर म्हणाले, तसं करता येईल कदाचित, विचारतो. बरीच वर्षं कुणी न वापरलेलं काही वापरात आल्यासारखी आई भांडत होती, तारखा मागत होती, दवाखाना किती लांब आहे, कोण नेणार, मी नेणार. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करताना बाईला दम खायलाही फुरसत नव्हती. म्हणून तिच्या उशिरा लक्षात आलं.

शहाणीनं डोकं टेबलावर ठेवलं होतं. गाल चौकटींच्या कागदावर दाबला गेला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. खोलीत एवढी बोलाचाली चालली होती आणि तिला त्यातलं एक अक्षरही ऐकायची गरज उरली नव्हती. आईनं बोलणं तोडलं. तिला हलवायला पुढं केलेला हात डॉक्टरांनी तसाच मागं घेतला.

बाई त्या झोपलेल्या पोरीकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. नोकरी गेली हेसुद्धा अजून आत उतरलं नव्हतं. तिला त्या पोरीचा हेवा वाटला. साधा, कडू, नऊ वर्षांच्या मुलीला वाटावा तसा हेवा, आणि तो वाटतोय हे तिला स्पष्ट कळत होतं.

डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं, "ही अशी शेवटची कधी झोपली होती, आईला आठवतंय का?"

बाईनं विचारलं. आईनं बराच वेळ विचार केला.

"नाही आठवत, म्हणते," बाईनं हळू आवाजात सांगितलं.